डावीकडची चिंच

कपाटाची किल्ली मागायला सुरभी मॅडम दारात आल्या तेव्हा वामनराव जेवत होते, आणि नेहमीसारखे डावा खांदा भिंतीला चिकटवून जेवत होते. तीन पावसाळे झाले, हा माणूस कुठंही बसला की त्याला डाव्या अंगाला भिंत हवी. बसमध्ये डावी खिडकी, लग्नाच्या पंगतीत डावं टोक, आणि तसं नाही मिळालं तर उपाशीपोटी घरी परत. तानाबाईंनी आधी कारण विचारलं, मग भांडून पाहिलं, आणि शेवटी जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही म्हणत पाटच भिंतीला सरकवून टाकला.

कारण वामनरावांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. डावीकडे मोकळी जागा राहिली की तिथं हिरासिंग येतो. नजरेच्या अगदी कडेला, जिथं धड दिसत नाही आणि दिसत नाही असंही म्हणता येत नाही, तिथं. डोक्यावर लाल पागडी, चिंचेच्या फांदीवर बसलेला, डावा हात उंच करून हलवत असलेला. मान वळवली की कोणी नसतं. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसानं हे कुणाला सांगायचं?

“सर, दुर्बिणीच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडंच राहिली म्हणतात,” सुरभी मॅडम म्हणाल्या. त्या मागच्या वर्षी बदलून शाळेत आल्या होत्या आणि आर्णीहून स्कूटीवर ये-जा करायच्या. “अठ्ठावीसला विज्ञान दिन आहे. मला मुलांसमोर तिचं दृष्टिक्षेत्र काढून दाखवायचंय. एका वेळी तिच्यातून आकाशाचा केवढा तुकडा दिसतो, ते.”

“त्या दुर्बिनीचं नाव काढू नका, मॅडम,” तानाबाई चुलीपासून म्हणाल्या. “पनवती हाय ते.”

मॅडमनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून वही उघडली. दुर्बिणीचं नाभीय अंतर सहाशे मिलिमीटर, डोळ्याजवळच्या नेत्रिकेचं पंचवीस. सहाशेला पंचवीसनं भागलं की चोवीस, म्हणजे वस्तू चोवीस पट मोठी दिसणार. नेत्रिकेवर तिचं स्वतःचं क्षेत्र अठ्ठेचाळीस अंश छापलंय. अठ्ठेचाळीसला चोवीसनं भागलं की दोन. दोन अंश, म्हणजे चार पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं.

“बरोबर आहे ना, सर?”

“कागदावर बरोबर आहे,” वामनराव म्हणाले. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण मास्तरकी अंगातून जात नाही. “छापणाऱ्यानं खरं छापलं का नाही, हे ताऱ्याले विचारा लागते. दुर्बीण हलवाची नाही. तारा एका कडेनं आत येते, मधातून जाते, दुसऱ्या कडेनं बाहेर पडते. चार मिनिटाले एक अंश. मिनिटं मोजा आन् चारानं भागा. मातर तारा विषुववृत्तावरचा पाह्यजे. मृगाच्या तिकांड्यातला पुढचा घ्या.”

“तुम्ही याल का मग? माझ्याच्यानं ती मांडणं होणार नाही.”

तानाबाईंनी चिमटा आदळला. वामनराव हात धुवायला उठले आणि खुंटीवरची किल्ली त्यांनी खिशात टाकली. का टाकली, हे त्यांना पुढं कधी नीट सांगता आलं नाही.

गावात ही दुर्बीण एका दिवसामुळं प्रसिद्ध आहे, आणि तो दिवस पुराचा.

शाळा नदीकाठच्या उंचवट्यावर आहे. तिथून नदी सरळ दक्षिणेला वाहत जाते आणि दोन किलोमीटरवर महादेवाच्या देवळाशी दुभंगते. शाळेतून बघितलं की देवळाच्या डाव्या हाताला एक चिंच, उजव्या हाताला एक, दोन्ही एकाच वयाच्या. त्या दिवशी पाण्यावर देवळाचा कळस आणि दोन चिंचांचे शेंडे एवढंच उरलं होतं. तांड्यावरचा हिरासिंग सकाळी शेतात बैल सोडायला गेला होता, तो परतला नव्हता. त्याची बायको सुखीबाई शाळेच्या गच्चीवर येऊन ओरडत होती आणि हातवारे करत होती. वामनरावांनी दुर्बीण गच्चीवर मांडली, देवळाकडे वळवली, आणि त्या गोल तुकड्यात त्यांना लाल पागडी दिसली. कळसाच्या डावीकडच्या चिंचेवर.

बाबुलाल भोई डोंगा घेऊन खाली उभाच होता. छाती असलेला माणूस. वामनरावांनी त्याला फोनवर सांगितलं, कळसाच्या डावीकडून जा. पाण्याला ओढ अशी होती की एकदा एका अंगानं गेलं की दुसऱ्या अंगाला येणं नाही. बाबुलाल निघाला, आणि पुढचं सगळं गावाला तोंडपाठ आहे. वामनरावांना दुर्बिणीत डोंगा उजवीकडे वळताना दिसला.

“डावीकडं, बाबुलाल! डावीकडं!” ते फोनमध्ये ओरडले.

“डाव्याच चिंचेखाली आहो, गुरुजी!” पाण्याच्या आवाजातून बाबुलाल ओरडला. “इथं कोनी नाई!”

“अरे, डावं-उजवं कयते का तुले? तो हात हलवून राह्यला ना!”

“कोनी नाई, गुरुजी! झाड खाली हाय!”

मग अंधार पडला. बाबुलाल कसाबसा खालच्या गावाला लागला. हिरासिंग दोन दिवसांनी बंधाऱ्यात सापडला.

गावानं निकाल लावायला वेळ घेतला नाही. हिरासिंग ऐन तरुणपणी बैलबंडीखाली आला होता, तेव्हापासून त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आणि गुरुजींनी पाहिलेला माणूस तर डावाच हात उंच करून हलवत होता! बाबुलालला झाड रिकामं दिसलं, गुरुजींना माणूस दिसला. म्हणजे हिरासिंग दुपारीच बुडाला होता आणि झाडावर बसला होता तो चकवा. भुताचं सगळं उलटं, पाय उलटे, हातही उलटे. बाबुलाल वाचला हेच त्याचं नशीब, असं लोक म्हणाले.

वामनराव आयुष्यभर वर्गात भूत नसतं म्हणून सांगत आले होते. या निकालाला मात्र ते कधी नाही म्हणाले नाहीत. दुर्बीण त्यांनी कपाटात ठेवली, कुलूप घातलं, आणि निवृत्त झाले तेव्हा किल्ली द्यायला विसरले.

सुखीबाईचं शेत डाव्या चिंचेला लागून. तिथं कापूस वेचायला बायका येईनात, निंदायला येईनात. तिचा मुलगा लखन कंटाळून पांढरकवड्याला ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. आता कुण्या भगतानं सांगितलं होतं की येत्या रविवारी डाव्या चिंचेला एकवीस खिळे ठोकायचे, म्हणजे चकवा कायमचा बांधला जाईल. पहिला खिळा मेलेल्याच्या बायकोच्या हातानं.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला वामनराव पुन्हा त्या गच्चीवर चढले. डावीकडे पाण्याची टाकी येईल अशी जागा त्यांनी आधी पाहून घेतली. मग कपाटातून आणलेली पेटी उघडली आणि नळी तिपाईवर चढवली. शेवटी नळीच्या मागच्या टोकाला तो तुकडा बसवला, ज्याला ते कोपरा म्हणायचे. तारा डोक्यावर असला की मान मोडून बघावं लागतं. हा तुकडा लावला की नेत्रिका काटकोनात वळते आणि माणसाला सुखानं वाकून बघता येतं.

“हा पुराच्या वर्षीच आला,” ते म्हणाले. “जूनमधी. त्याच्या आधी यातून सारं उलटं दिसे. झाडाचा शेंडा खाली, बुंधा वर. पोरं हसत. वीस वर्सं मी पोराइले सांगत आलो, हे उलटं दाखवते, मनात सरळ करून घ्या. हा कोपरा लावला आन् सारं सरळ झालं.”

तो लावल्यावर आकाश मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जून ढगाळ गेला, जुलैत पूर आला.

दक्षिणेकडे तोंड केलं की तिकांडं समोर उंचावर होतं, तीन तारे ओळीत. वामनरावांनी पुढचा तारा धरला, नळी किंचित पश्चिमेला सरकवून त्याला कडेबाहेर घालवलं, आणि स्क्रू आवळले.

“आता तो डाव्या कडेनं आत येईन,” ते म्हणाले. “पूर्व आपल्या डाव्या हाताले आहे, पश्चिम उजव्या. तारा डावीकडून उजवीकडं जाते. दिसला की घड्याळ लावा.”

सुरभी मॅडम नेत्रिकेला डोळा लावून वाकल्या. मोबाइल हातात तयार होता.

“आला!” त्यांनी घड्याळ लावलं. “पण सर, हा उजवीकडून आला.”

“डावं-उजवं कळत नाही का, मॅडम?” वामनराव फटकन बोलले, आणि बोलताक्षणी थबकले. हे वाक्य याच गच्चीवर, याच दुर्बिणीपाशी त्यांनी आधी एकदा म्हटलं होतं.

“तुम्हीच बघा ना.”

त्यांनी पाहिलं. काळ्या गोल तुकड्यात तारा उजव्या कडेपासून थोडा आत आला होता आणि डावीकडे चालला होता. शांतपणे, कुणाची घाई नसल्यासारखा. त्यांनी डोळा काढून वर पाहिलं, पुन्हा लावला. तारा डावीकडेच चालला होता.

“कोपऱ्यामुळं असेल, सर,” सुरभी मॅडम म्हणाल्या. “आत एकच आरसा आहे ना? आरशात डोकं वरच राहतं, पण डावं-उजवं बदलतं. आपण भांग पाडताना दिसतं तसं.”

एवढं साधं. सातवीतल्या पोराला कळावं एवढं. वामनराव डोळा लावून तसेच वाकून राहिले. झाडाचा शेंडा वर दिसला, माणसाचं डोकं वर दिसलं, म्हणून त्यांनी सगळंच सरळ धरलं होतं. डावी चिंच म्हणजे उजवी चिंच. डावा हात म्हणजे उजवा हात, हिरासिंगचा धडधाकट उजवा हात. डोंगा उजवीकडे जाताना दिसला, कारण बाबुलाल सांगितल्याबरहुकूम डावीकडे गेला होता आणि तिथं खरंच कोणी नव्हतं. देवळाच्या पलीकडच्या चिंचेवर जिवंत माणूस हात हलवत होता, आणि गुरुजी फोनवर ओरडून डोंगा त्याच्यापासून दूर पाठवत होते.

तारा डाव्या कडेशी गेला, लुकलुकला आणि गोलातून बाहेर पडला. “गेला,” वामनराव म्हणाले.

“आठ मिनिटं दोन सेकंद!” सुरभी मॅडम आनंदानं म्हणाल्या. “चारानं भागलं की दोन अंश. छापलंय ते खरं आहे, सर!”

“हो,” वामनराव म्हणाले. “खरं आहे.”

त्या रात्री ते सवयीनं डावा खांदा भिंतीला लावून झोपले. दिवा मालवला आणि हिरासिंग उजवीकडे आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. खाटेच्या मोकळ्या बाजूला, अगदी जवळ, उजवा हात वर करून. वामनराव उठून बसले आणि त्यांनी तानाबाईंना जागं करून सगळं सांगितलं. भिंतीचं कारणसुद्धा.

तानाबाईंनी उठून दिवा लावला.

“कोनाकोनाले ठाऊक आहे हे?”

“तुले आन् मले.”

“मंग तिथंच राहू द्या.” त्यांनी पदर तोंडावरून फिरवला. “तुम्ही का मुद्दाम केलं? पानी तसं होतं. रविवारी खिये ठोकले की लोक विसरतीन, बायका वावरात जातीन, सुखीबाईचं भलंच होईन. भूत साऱ्याइले सोयीचं हाय. तुम्ही कायले आपल्या हातानं तोंडाले काळं फासता?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि वामनरावांना ते मनापासून पटावं असं वाटत होतं. शुक्रवारचा अख्खा दिवस त्यांनी ते पटवून घेण्यात घालवला. पाट उलटा मांडून पाहिला, उजवा खांदा भिंतीला लावला. पण डावीकडच्या हिरासिंगला भिंतीनं अडवता येत होतं, हा अडत नव्हता. भिंतीच्या आणि खांद्याच्या मधल्या बोटभर जागेतही तो मावत होता. शनिवारी दुपार कलल्यावर वामनरावांनी चपला घातल्या. तानाबाई दारात आल्या, पण त्यांनी कुठं निघाले हे विचारलं नाही.

तांडा माळावर. सुखीबाईचं घर शेवटचं, पत्र्याचं. ती दारात बसली होती, साठीची बाई, ओढणीची किनार विरलेली. उंबऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत राखेची जाड रेघ होती. शेजारी खाटेवर कागदाची पुडी होती, त्यातून खिळ्यांची टोकं बाहेर आली होती.

“या, गुरुजी. राम राम,” ती म्हणाली. “उद्याले येता ना तुम्ही बी? तुमीच पाह्यलं होतं त्याले.”

“त्याच्यासाठीच आलो, सुखीबाई.” वामनराव खाटेवर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी खिशातून तानाबाईंचा हातआरसा काढला. हा आणायचं त्यांना वाटेत सुचलं नव्हतं, घरूनच घेऊन निघाले होते. तिच्यासमोर आरसा धरला आणि म्हणाले, “उजवा हात वर करा.”

तिनं केला. आरशातल्या सुखीबाईनं डावा केला.

मग त्यांनी सांगितलं. दोन चिंचा, डोंगा, फोन, हात, सगळं एका दमात सांगितलं आणि कुठंही स्वतःला सावरून घेतलं नाही. दुर्बिणीच्या आत असाच आरसा होता आणि तो आपण ओळखायला हवा होता, हे दोनदा सांगितलं. बोलणं संपलं तेव्हा सुखीबाई आरसा हातात घेऊन अजून त्यातच बघत होती.

“म्हंजे तो चकवा नव्हता,” ती म्हणाली.

“नव्हता. हिरासिंगच होता. जिता होता.”

“किती वेळ?”

“मी पाह्यला तेव्हापासून अंधार पडेपर्यंत. चाळीस मिनिटं.”

“चाळीस मिन्टं.” तिनं आरसा खाली ठेवला. “गुरुजी, त्या दिशी मी तुमच्या बाजूलेच उभी होती.”

“होय.”

“मी उजव्या हातानं दाखवून राह्यली होती. म्या म्हनलं, त्या उजव्या चिंचेवर लाल दिसते. तुमी काय म्हनलं, याद हाय?”

त्यांना याद होतं. त्या एका वाक्यापाशी आलं की तीन वर्षं ते मन दुसरीकडे वळवत आले होते. सुखीबाई, गप राहा, डोळ्याले चूक होते, यंत्राले होत नाही. गच्चीवर वीस माणसं होती, आणि गुरुजींनी तसं म्हटल्यावर कुणी तिच्या बोटाकडे पाहिलं नाही. नंतर तिनं स्वतःही पाहिलं नाही.

“मंग माहे डोये खरे होते,” ती म्हणाली.

वामनरावांना तिच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण ते उभेच राहिले. तिनं शिव्या दिल्या असत्या, तांडा गोळा केला असता, तर त्यांना बरं वाटलं असतं. ती उठली, खाटेवरची पुडी उचलली आणि अंगणापलीकडच्या उकिरड्यावर फेकली. परत येऊन उंबऱ्यापाशी उकिडवी बसली.

“हे राख पाह्यली का, गुरुजी? रोज सांजच्याले टाकतो मी. त्यानं घरात येऊ नये म्हनून. तापानं फनफनत होती तवा बी उठून टाकली. थंडीचं भाईर कुत्रं रडे, तर मले वाटे तोच आला. मी आतून म्हनो, जाय बाप्पा, आमचा पिच्छा सोड.” तिनं राखेवर तळहात ठेवला. “त्याचंच घर होतं ते. चाळीस मिन्टं हात हलवून राह्यला होता, आन् वरून म्या त्याले तीन वर्सं भाईर ठेवलं.”

वामनरावांनी आरसा उचलून खिशात टाकला.

तिनं ओढणीचं टोक हातात घेतलं आणि उंबरा पुसायला लागली. राख दगडात मुरली होती, निघत नव्हती. तिनं थुंकी लावून पुसली, नखांनी खरवडली, शेवटी माठातलं पाणी ओतलं. उंबरा स्वच्छ झाल्यावर ती दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली आणि बाहेर बघून त्यांच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत हळूच काहीतरी म्हणाली. वामनरावांना शब्द कळला नाही. जेवायची वेळ झाली म्हणून घरातल्या बाया हाक मारतात, तशी ती हाक होती.

सुखीबाई थोडी बाजूला सरकली, कुणाला आत यायला वाट द्यावी तशी. वामनरावांना वाटलं ती आपल्यालाच बोलावते आहे. त्यांनी चपला काढल्या आणि एक पाऊल पुढं टाकलं.

“तुमी नका येऊ, गुरुजी,” ती म्हणाली. “तुमी भाईरच राहा.”

वामनराव अंगणात उभे राहिले. त्यांच्या उजवीकडे भिंत नव्हती, आणि त्यांनी ती शोधलीही नाही.